ट्रेंट नदीवर फ्लोट वाहवायचा तर रीळ कोणतं? सेंटरपिन की साधं स्पिनिंग?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीला कृष्णेच्या बंधाऱ्यावर लहानपणापासून फ्लोट (गळाच्या वर पाण्यावर तरंगणारी खूण) लावून रोहू-कटला धरले, आता नोकरीसाठी नॉटिंगहॅमला आलात, 13 फुटी फ्लोट रॉड घेऊन झालाय. ट्रेंटच्या काठावर जुनीजाणती मंडळी चाकासारखं दिसणारं सेंटरपिन रीळ वापरताना दिसतात. तेच घ्यावं, की गावाकडून आणलेलं स्पिनिंग रीळच चालवावं? बजेट शंभर पौंडांच्या आत.

आधी उत्तर देऊन टाकतो. पहिल्या हंगामासाठी 3000 नंबरचं, पुढून ड्रॅग (मासा जोरात पळाला की लाइन सुटू देणारा ब्रेक) असलेलं, उथळ स्पूलचं (लाइन गुंडाळतात त्या रिळाच्या भागाचं) स्पिनिंग रीळ घ्या. इथे त्याला फिक्स्ड स्पूल म्हणतात. सेंटरपिन जरूर घ्या, पण तुमच्या नेहमीच्या जागेवर मासा काठाजवळून, साधारण दोन रॉडच्या अंतरात लागतो हे पक्कं झाल्यावर. गावाकडचं रीळ तळाला शिसं टाकून बसायला ठेवा, फ्लोटला नको. हे असं का, ते नीट कळलं तर दुकानदार काहीही सांगू दे, तुमची फसगत होणार नाही. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कोल्हापुरी बंधाऱ्यामागे पाणी तुंबलेलं असतं. फ्लोट टाकला की तो टाकला तिथेच उभा. तिथे रिळाला कामं दोनच: लांब टाकणं आणि मासा लागला की ओढून आणणं. त्यामुळे आपल्याकडे रीळ घेताना लोक बेअरिंग किती, ओढ किती, किती मीटर तंगूस मावतो एवढंच विचारतात. ट्रेंटवर फ्लोट उभा राहत नाही, वाहतो. तुम्ही तो पायाशी सोडता, तो वीस-तीस मीटर खाली जातो, तुम्ही गुंडाळून परत आणता, पुन्हा सोडता. दिवसभर हेच. म्हणजे इथे रिळाचं मुख्य काम लाइन सोडण्याचं आहे, गुंडाळणं दुय्यम. रीळ निवडताना पहिला प्रश्न हा: हे लाइन सोडतं कसं?

आणि नुसती सोडून भागत नाही. वाहत्या नदीत वरचं पाणी जोरात जातं, तळाचं पाणी दगडगोट्यांना घासून हळू जातं. फ्लोट वरच्या पाण्यात आहे, गळ तळाजवळ. फ्लोट मोकळा सोडला तर तो गळाला आपल्या वेगाने फरपटत नेतो. तळाशी बाकी सगळं हळू वाहत असताना एकच अळी पळत सुटलेली दिसली, की चब काय, कुठलाही शहाणा मासा तिच्याकडे पाठ फिरवतो. म्हणून फ्लोटला मागे धरावं लागतं, पाण्यापेक्षा जरासं हळू जाऊ द्यावं लागतं. मग आमिष पुढे आणि फ्लोट मागे अशी चाल होते, मासा उचलतो तेव्हा मध्ये ढिली लाइनही नसते. हे मागे धरणं एकसारखं व्हायला हवं. झटका बसला की आमिष वर उचललं जातं, सोडलं की खाली पडतं. या एकाच कसोटीवर सेंटरपिन आणि फिक्स्ड स्पूल यांचे रस्ते वेगळे होतात.

सेंटरपिन म्हणजे एका कण्यावर मोकळा फिरणारा ड्रम. गिअर नाही, ड्रॅग नाही, बेल आर्म (लाइन स्पूलवर गुंडाळणारी तारेची कडी) नाही. फ्लोटला पाण्याची ओढ बसते, लाइन ताणली जाते, ड्रम फिरतो. तुमचा अंगठा किंवा बोट ड्रमच्या कडेवर हलकेच टेकलेलं असतं, तोच ब्रेक. दाब कमी-जास्त करा, फ्लोट तसा वाहतो. नदीचा वेग थेट बोटाला कळतो. खाली कुठे पाणी मंदावलं, कुठे भोवरा आहे, कुठे तळ चढलाय, हे फ्लोटकडे न बघताही समजायला लागतं. या कामात त्याला तोड नाही, यात वाद नाही.

पण हे सगळं चांगल्या सेंटरपिनबद्दल. स्वस्तातलं बरंचसं नुसतं चाकच असतं. दुकानात किंवा व्हिडिओत ड्रमला टिचकी मारून तो किती मिनिटं फिरत राहतो ते दाखवतात, त्याला भुलू नका. जड ड्रम एकदा फिरला की बराच वेळ फिरणारच, ते त्याच्या वजनामुळे. तुम्हाला हवंय ते उलटं: ड्रम सहज सुरू व्हावा आणि सहज थांबावा. जड ड्रम हलक्या फ्लोटच्या ओढीने सुरूच होत नाही. सुरू झाला, की फ्लोट मंद पाण्यात शिरून अडखळल्यावरही फिरतच राहतो, लाइन ढिली पडून ड्रमच्या मागे जाते, आणि मग गुंता सोडवत बसा.

पारख करायची ती अशी. रिळावर थोडी लाइन असू द्या. रीळ उभं धरा, म्हणजे ड्रम चाकासारखा उभा राहील. खटका, म्हणजे तो कर्र आवाज करणारा रॅचेट, बंद करा. लाइनच्या टोकाला एएए मापाची एक गोळी (फ्लोटखाली लावायचं बारीक वजन) लावा, ती 0.8 ग्रॅमची असते. वीतभर खाली सोडून हात काढा. ड्रम आपणहून फिरायला लागला आणि गोळी एकसारखी खाली गेली तर रीळ कामाचं. अडखळत, थांबत-थांबत गेली तर कणा वाकडा असेल किंवा ड्रमचं वजन एका बाजूला असेल. हललीच नाही तर बहुतेक वेळा बेअरिंगमध्ये ग्रीस थापलेलं असतं. हा शेवटचा दोष घरी जातो. बेअरिंग उघडं असेल तर लायटरच्या पेट्रोलने धुवायचं, वाळवायचं, पातळ तेलाचा एकच थेंब टाकायचा. ग्रीस आत गच्च धरून ठेवणारं सीलबंद बेअरिंग असेल तर ते रीळ खाली ठेवा.

बेअरिंगवालं की कणा-आणि-बुशवालं, यावर इथे काठावर लोक तासन्‌तास भांडतात. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा घेणाऱ्याने बेअरिंगवालं घ्यावं. बुशवालं चांगलं बनवलेलं असलं तर लोण्यासारखं चालतं, पण त्याला नेमका कारागीर लागतो, आणि तशा कारागिराचं रीळ शंभर पौंडांत येत नाही.

ड्रमचा व्यास 4 ते साडेचार इंच घ्या. त्याहून लहान घेतलात तर गुंडाळून जीव जाईल. साडेचार इंची ड्रमचा परीघ साधारण 36 सेंटीमीटर, लाइन कडेपेक्षा आत बसते म्हणून एका फेऱ्यात प्रत्यक्षात 33-34 सेंटीमीटर येते. तीस मीटर खाली गेलेला फ्लोट परत आणायला नव्वदेक फेरे. तेच 3000 चं फिक्स्ड स्पूल एका फेऱ्यात 75 सेंटीमीटरच्या आसपास आणतं, म्हणजे चाळीस फेरे. जाणकार लोक सेंटरपिनचं हँडल धरतच नाहीत, ड्रमच्या कडेला बोटांनी थपडा मारून तो फिरवत ठेवतात. जमलं की बघायला छान वाटतं, जमेपर्यंत लाइनचे वेटोळे पायात येतात.

ड्रम अरुंद असावा आणि त्यावर लाइन ऐंशी-शंभर मीटरच भरावी. जास्त भरली की वरचे वेढे खालच्या वेढ्यांत रुततात. मोठ्या माशाशी झुंज झाली की हे हमखास होतं. ताणाखाली गुंडाळलेली लाइन आत घुसते, आणि पुढच्या वेळी फ्लोट छान चाललेला असताना अचानक कचकन अडकतो. मासा सोडून दिल्यावर रिकामा फ्लोट सगळा खाली जाऊ द्यायचा आणि हलक्या हाताने परत गुंडाळायचा. दोन मिनिटांचं काम आहे, पण करणारे कमी.

आता सेंटरपिनची खरी अडचण, म्हणजे टाकणं. स्पूलवरून लाइन सुटते तशी ड्रमवरून सुटत नाही, कारण ड्रमलाच फिरावं लागतं. काठाजवळ टाकायचं तर रॉडच्या दोन-तीन कड्यांमधून लाइनचे वेढे बोटांनी ओढून धरायचे आणि फ्लोट खालून झुलवून सोडायचा. हे एका दुपारीत येतं. लांब टाकायला वॉलिस कास्ट आहे. त्यात ड्रम फिरवत त्याच लयीत रॉड फिरवायचा असतो. तो शिकायला हंगाम जातो, आणि शिकल्यावरही वारा असला की फजिती होते. म्हणून वर दोन रॉडच्या अंतराची अट घातली. रुंद ट्रेंटवर मासा मधल्या धारेत असेल तर सेंटरपिन घेऊन काठावर बसणं म्हणजे माशांना लांबून नमस्कार करणं.

इथे फिक्स्ड स्पूल कामाला येतं. त्याची गंमत इचलकरंजीच्या शेजारच्या माणसाला पटकन कळेल. मागावर धोट्यातली कांडी फिरत नाही, सूत तिच्या टोकावरून सुटत जातं. फिक्स्ड स्पूलवरून लाइन अगदी तशीच सुटते. स्पूल जागच्या जागी, त्यामुळे हलक्यात हलका फ्लोटही लांब जातो. आणि हा योगायोग नाही. ब्रॅडफर्डच्या कापड धंद्यातल्या आल्फ्रेड इलिंगवर्थने 1905 मध्ये पेटंट घेतलेलं पहिलं फिक्स्ड स्पूल रीळ गिरणीतल्या चात्या बघूनच सुचलेलं होतं. सेंटरपिन तर तुम्ही आता राहता त्याच गावचं. लाकडी, मोकळ्या फिरणाऱ्या रिळाला अजूनही नॉटिंगहॅम रीळ म्हणतात, आणि फ्लोट लांबवर वाहवत न्यायच्या पद्धतीला नॉटिंगहॅम पद्धत. तुमच्या काठावरची म्हातारी मंडळी ते मिरवतात त्यात थोडा गावाचा अभिमानही आहे, हे लक्षात घेऊन त्यांचं ऐका.

फिक्स्ड स्पूलवर फ्लोट वाहवताना बेल आर्म उघडा राहतो आणि तर्जनी स्पूलच्या कडेवर टेकलेली असते. लाइन वेढ्या-वेढ्याने बोटाखालून सुटते. मागे धरायचं तर बोट दाबायचं, सोडायचं तर उचलायचं. सेंटरपिनसारखी सलग चाल येत नाही, पण सरावाने तिच्या बरंच जवळ जाता येतं. मासा उचलला की बोट स्पूलवर घट्ट, रॉडचा झटका, मग हँडल फिरवून बेल बंद. बेल हातानेच बंद केला तर आणखी चांगलं, लाइनला पीळ कमी बसतो. दुकानात म्हणूनच एक गोष्ट करून बघा. रॉडवर रीळ बसवा, नेहमीसारखा धरा आणि तर्जनी स्पूलच्या कडेला सहज पोचते का ते पाहा. ताणून न्यावी लागत असेल तर ते रीळ तुमच्या हाताचं नाही, मग त्यात सोन्याची बेअरिंग असली तरी. नंबर एकच असला तरी दांडीची लांबी कंपनीगणिक बदलते, त्यामुळे हे ऑनलाइन फोटो बघून कळत नाही.

स्पूल उथळ हवा. फ्लोटसाठी 0.16 ते 0.20 मिलिमीटरची लाइन लागते, तीही शंभर मीटर पुरे. खोल स्पूलवर एवढी बारीक लाइन तळाशी जाऊन बसते आणि सुटताना कडेला घासते, म्हणजे जे टाळायचं तेच होतं. स्पूल काठापासून मिलिमीटर-दीड मिलिमीटर खाली इतका भरलेला असावा. खोल स्पूलच मिळाला तर खाली जुनी लाइन भरून उंची वाढवा. गिअरचं प्रमाण 5:1 च्या आसपास असलं की झालं. वेगवान गिअर या कामात उगाच.

आणखी एक खटका बघा, तो म्हणजे उलटं फिरणं रोखणारा. तो बंद करता येत असेल तर हँडल उलटं फिरवून लाइन सोडता येते. काठाजवळच्या हळू पाण्यात बेल बंद ठेवून, हँडल नदीच्या चालीने उलटं फिरवत फ्लोट नेला तर चाल फार छान मिळते. पळणाऱ्या माशालाही असंच सोडत जाणारे लोक इथे आहेत. हल्ली बऱ्याच नव्या मॉडेलांवर हा खटका येतच नाही, म्हणून आधी विचारा. दोन सारख्या रिळांत एकावर तो असेल तर डोळे झाकून तेच घ्या.

तुमचं गावाकडचं रीळ तुम्ही 5000 नंबरचं सांगितलंत. ते जड आहे, स्पूल खोल आहे, आणि 13 फुटी बारीक रॉडवर लावलं की दुपारपर्यंत मनगट बोलायला लागेल. लेजरिंगला, म्हणजे तळाला शिसं टाकून बार्बेल या तळाशी चरणाऱ्या मोठ्या माशासाठी बसायला, ते उत्तम. फक्त शिसं म्हटलं तरी शिसं वापरू नका. इथे 1987 पासून 0.06 ग्रॅम ते 28.35 ग्रॅमपर्यंतची शिशाची वजनं मासेमारीला बंद आहेत. सांगलीहून आणलेले शिशाचे मणी पिशवीत असतील तर काढून ठेवा. इथे बिनविषारी धातूच्या गोळ्या मिळतात. वर सांगितलेली एएए तशीच घ्या.

तिसरा एक प्रकार आहे, बंद तोंडाचं रीळ. स्वीडनच्या आबूचं 506 हे त्यातलं गाजलेलं. स्पूल टोपीखाली झाकलेला, टोपीचं बटण दाबलं की लाइन मोकळी, हँडल फिरवलं की पुन्हा पकडली जाते. वाऱ्यात लाइनचे वेढे रिळाभोवती उडत नाहीत, एका हाताने सगळं होतं, रोच-डेससारख्या छोट्या माशांना पटापट धरायला फारच सोयीचं. पण गिअर नाजूक, मोठ्या बार्बेलपुढे रडतं. आता ते बहुतेक जुन्या बाजारातच मिळतं. पहिलं रीळ म्हणून नको.

वाऱ्याचं एवढंच लक्षात ठेवा: प्रवाहाविरुद्ध वाहणारा वारा आपला मित्र. तो लाइनला फ्लोटच्या मागे ठेवतो, मागे धरणं सोपं जातं. प्रवाहाबरोबरचा वारा लाइनला फ्लोटच्या पुढे फुगवतो आणि फ्लोट ओढला जातो. अशा दिवशी जगातलं सर्वांत महागडं सेंटरपिन घेऊनही मन लागत नाही. फिक्स्ड स्पूल आणि जरा जड फ्लोट घेऊन निदान काम तरी होतं.

मोठा मासा लागल्यावर काय, हेही तुम्ही विचारलंय. ट्रेंटच्या बार्बेलना दहा पौंडांचं फारसं अप्रूप नाही. सेंटरपिनवर असा मासा पळाला की हँडल उलटं गरगर फिरतं, आणि ज्याने ते धरायचा प्रयत्न केला त्याच्या बोटांच्या पेरांना त्याची आठवण राहते. हँडल सोडून द्यायचं, तळहाताने ड्रमची कड दाबायची. फिक्स्ड स्पूलवर ड्रॅग आधीच लावून ठेवा: रॉड वाकवून लाइन हाताने ओढा, तुटायच्या बऱ्याच आधी स्पूल फिरायला हवा. बार्बेल असण्याच्या जागी तीन पौंडी लाइन वापरू नका, सहा पौंडी घ्या. बारीक लाइनवर मासा फार वेळ दमवावा लागतो. उन्हाळ्यात पाण्यात प्राणवायू कमी असतो, दमलेला बार्बेल सोडल्यावर पोट वर करून वाहत जातो. सोडताना त्याला प्रवाहाकडे तोंड करून, पाण्यात सरळ धरून ठेवा, स्वतःहून जोर लावून निघेपर्यंत. सांगलीत धरलेला रोहू घरी रश्श्यात जायचा, इथे धरलेला मासा परत नदीत.

कॅनडात मिसिसागाला राहणारे तुमचे मेहुणे सेंटरपिनच घ्या म्हणतात, ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. तिथल्या क्रेडिट नदीवर स्टीलहेड (एक प्रकारचा ट्राउट मासा) धरायला फ्लोट वाहवतात तेव्हा फ्लोट जड असतो, नदी अरुंद, आणि मासा बहुतेकदा पायाखालच्या धारेत. जड फ्लोट ड्रमला सहज फिरवतो, लांब टाकायची गरज नाही. तिकडे साडेचार-पाच इंची ड्रम सर्रास चालतो. त्यांचं मोठं, जड रीळ मागवून ट्रेंटवर चार ग्रॅमच्या स्टिक फ्लोटला लावलंत तर ड्रम जागचा हलायला तयार होणार नाही.

बजेटचं: शंभर पौंडांत चांगलं फिक्स्ड स्पूल आणि वर एक जादा स्पूल सहज बसतो. एकावर तीन-चार पौंडी लाइन, दुसऱ्यावर सहा पौंडी. सेंटरपिन त्याच पैशांत हवं तर नवं स्वस्त घेण्यापेक्षा रेडिचच्या यंग कंपनीची जुनी रिळं, रॅपिडेक्स वगैरे, जुन्या बाजारात शोधा. बघताना ड्रम दोन बोटांत धरून पुढे-मागे हलवा. किंचित खेळ चालतो, कडकड वाजत असेल तर कणा झिजलाय. ड्रम हळू फिरवून कड आणि मागची पाटी यांतली फट बघत राहा, ती एका जागी मोठी, एका जागी लहान होत असेल तर रीळ कधीतरी दगडावर पडलेलं आहे. रॉडवर बसणारा पाय कानशीने घासलेला नाही ना, तेही पाहा. लोक तो घासून आपल्या रॉडला बसवतात आणि मग तुमच्या रॉडवर रीळ सैल होतं.

आता घाईचं. 15 मार्च ते 15 जून नद्यांवर ही मासेमारी बंद असते, 16 जूनला सुरू होते. त्याआधी सरकारी पर्यावरण संस्थेचं (एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचं) रॉड लायसन्स काढा, तेरा वर्षांवरच्या प्रत्येकाला लागतं. शिवाय त्या काठाची मालकी ज्या क्लबकडे असेल त्याचं दिवसाचं तिकीट वेगळं. रीळ महिनाभर आधी घेतलंत तर बागेत किंवा मैदानावर फ्लोटऐवजी छोटं वजन बांधून बोटाने लाइन सोडायचा सराव करा. शेजारी बघतील, बघू दे.